वाफा रस्त्याच्या वर नको, खाली हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात रस्ता रुंद झाला किंवा चौक सुशोभित झाला की कडेला फुलझाडांचा वाफा बांधला जातो. तो नेहमी रस्त्यापेक्षा फूट-दीड फूट उंच असतो. विटांची कड, आत ढीगभर काळी माती आणि वर शोभेची झुडपे. मे महिन्यात त्याला टँकरने पाणी घालावे लागते आणि जूनमध्ये त्यातलीच माती धुऊन रस्त्यावर येते. शेजारून वाहणारे रस्त्याचे पाणी त्या झाडांना थेंबभरही न मिळता गटारात, तिथून जयंती किंवा दुधाळी नाल्यात आणि पुढे पंचगंगेत जाते. हा वाफा उलटा बांधावा, म्हणजे रस्त्याच्या पातळीखाली, मातीऐवजी मुख्यतः वाळूने भरलेला आणि रस्त्याचे पाणी आधी आत घेऊन मगच पुढे सोडणारा, ही सूचना करण्यासाठी हे पत्र आहे. अभियंते याला बायोरिटेन्शन म्हणतात. अमेरिकेत मेरीलँडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत आकाराला आली. आपण तिला सरळ गाळणवाफा म्हणू.

रस्त्याचे पाणी म्हणजे पावसाचेच पाणी, त्यात काय घाण असणार, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्यात टायर झिजून पडलेला जस्तयुक्त भुगा असतो, ब्रेकच्या घर्षणातून निघालेले तांबे असते, इंजिनाचे तेल, शेण, कुजलेला पाला आणि खोदलेल्या रस्त्यांची माती असते. पत्र्याच्या छपरांवरूनही जस्त उतरते. उन्हाळाभर साचलेले हे सगळे पहिल्या काही पावसांत सुटते, आणि प्रत्येक मोठ्या सरीतही सुरुवातीचे पाणी सर्वांत घाण असते. कसबा बावड्याचे दिवसाला 76 दशलक्ष लिटरचे आणि दुधाळीचे 17 दशलक्ष लिटरचे प्रक्रिया केंद्र सांडपाण्यासाठी आहे, सरीबरोबर येणारा लोंढा पेलण्यासाठी नाही. म्हणून या पाण्याची गाळणी ते जिथे पडते तिथेच, छोट्या छोट्या तुकड्यांत करावी लागते.

गाळणवाफ्याने पंचगंगेचा महापूर अडणार नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो. 2019 आणि 2021 चा पूर शहराच्या रस्त्यांवरून आला नव्हता. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारीच्या खोऱ्यांतला पाऊस आणि धरणांचा विसर्ग यांच्यापुढे रस्त्याकडेच्या खड्ड्यांची मातब्बरी ती काय! वाफ्याचे काम रोजच्या साध्या पावसातले पाणी स्वच्छ करण्याचे आहे, आणि वर्षभरातले बहुतेक पाऊस साधेच असतात.

आता आकाराचा हिशेब. एक हजार चौरस मीटरचे पक्के पार्किंग धरा. त्यावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर थोडे पाणी जिरून आणि उडून जाते, साधारण साडेबावीस घनमीटर वाहते. वाफा क्षेत्राच्या पाच टक्के, म्हणजे 50 चौरस मीटर घेतला आणि त्यात 20 सेंटिमीटर पाणी साचू दिले तर 10 घनमीटर पाणी वर थांबते. वाळू ताशी 150 मिलिमीटर वेगाने पाणी आत घेत असेल तर दर तासाला साडेसात घनमीटर खाली उतरते. हा पाऊस दोन तासांत पडला तर 10 अधिक 15, म्हणजे 25 घनमीटरची सोय झाली आणि सगळे पाणी गाळले गेले. तोच पाऊस एका तासात कोसळला तर साडेसतरा घनमीटर मावते आणि पाच घनमीटर वरून निघून जाते. पण निघून जाते ते नंतरचे, तुलनेने स्वच्छ पाणी. सुरुवातीचे काळे पाणी तोवर वाफ्यात शिरलेले असते. जागा कमी असेल तर तीन टक्क्यांपर्यंत खाली यावे. त्याहून लहान वाफा लवकर चोंदतो, कारण तेवढाच गाळ कमी जागेत बसतो.

खड्डा सुमारे 135 सेंटिमीटर खोल लागतो. तळाशी 25 सेंटिमीटर धुतलेली खडी, त्यात 110 मिलिमीटरचा भोके पाडलेला पीव्हीसी पाइप. पाइपच्या वरच्या टोकाला उभा तुकडा जोडून त्याचे झाकण वाफ्याच्या पृष्ठभागावर आणावे, पुढे पाइप चोंदला तर तिथूनच धुता येतो. खडीवर 10 सेंटिमीटर जाड वाळू, म्हणजे वरची बारीक वाळू खडीत उतरत नाही. या दोन थरांमध्ये जिओटेक्स्टाइल कापड पसरण्याची सवय आहे, ती सोडावी. बारीक कण त्या कापडावरच साठतात, वर्षा-दोन वर्षांत तिथे चिखलाचा पापुद्रा तयार होतो आणि तो काढण्यासाठी सगळा वाफा उकरावा लागतो. जाड वाळूवर 75 सेंटिमीटर गाळणीचे मिश्रण, त्यावर पाच सेंटिमीटर बारीक खडी आणि वर पाणी साचण्यासाठी 20 सेंटिमीटर मोकळी जागा.

पाइप वाफ्यातून बाहेर काढताना तो सरळ नाल्याला न जोडता कोपर लावून तळापासून 40 सेंटिमीटर वर उचलावा. या एका कोपराने बरेच साधते. त्याच्या पातळीपर्यंत वाफ्याच्या तळाशी पाणी भरून राहते आणि तिथे प्राणवायू संपतो. वरच्या हवेशीर वाळूत शेण-पाल्यातून आलेल्या अमोनियाचे नायट्रेट बनते. नायट्रेट पाण्यात विरघळते, वाळूला चिकटत नाही, म्हणून नुसत्या वाळूच्या वाफ्यातून कधी कधी आत गेले त्यापेक्षा जास्त नायट्रेट बाहेर पडते. तळाच्या बिनहवेच्या थरातले जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. त्यांना खाद्य म्हणून खडीत पाच टक्के लाकडाचे तुकडे मिसळावेत. वखारीतला भुसा नको, तो लगेच कुजतो आणि पाइपात जातो. दुसरा फायदा आपल्याकडे फार मोलाचा. पावसाने ओढ दिली तरी मुळांना खाली ओल मिळते. तिसरा फायदा उताराचा. आपल्या बहुतेक गटारांची खोली कमी आहे. तळाचा पाइप त्यांना जोडता येत नाही, पण उचललेले तोंड रस्त्याच्या पातळीपासून मीटरभरच खाली राहते, त्यामुळे अनेक ठिकाणी जुळणी बसते.

सगळ्यात जास्त चुका मिश्रणात होतात. वीस घमेल्यांचे प्रमाण सांगायचे तर अठरा घमेली धुतलेली वाळू, एक घमेले तांबडी माती आणि एक घमेले पूर्ण मुरलेले पालापाचोळ्याचे कंपोस्ट. 50 चौरस मीटरच्या वाफ्याला 75 सेंटिमीटरने साडेसदतीस घनमीटर, म्हणजे सव्वातेरा ब्रास मिश्रण लागते. पाणी मारल्यावर ते बसते, म्हणून पंधरा ब्रासची तयारी ठेवावी. त्यात साडेतेरा ब्रास वाळू आणि माती व कंपोस्ट प्रत्येकी पाऊण ब्रास. क्रश सँड चालते, पण धुतलेलीच. न धुतलेल्या क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी असते आणि ती पहिल्याच पावसात सिमेंटसारखी घट्ट बसते. सगळ्या मिश्रणात 75 मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा बारीक अंश पाच टक्क्यांपेक्षा कमी हवा. प्रयोगशाळेत जाण्याआधी बरणीत तपासता येते. काचेची बरणी एक तृतीयांश मिश्रणाने भरावी, वर पाणी घालून जोरात हलवावी आणि ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरात खाली बसते. तिच्यावर नंतर जो चिखलाचा थर जमतो तो बोटभर जाड दिसला तर तो माल परत पाठवावा.

नदीकाठची काळी माती या कामाला अजिबात नको. शेताला ती सोन्यासारखी असली तरी ओली झाली की फुगते आणि पाण्याची वाट बंद करते, सुकली की तिला भेगा पडतात आणि पाणी न गाळता त्या भेगांतून थेट खाली जाते. आणखी तीन मोह कोल्हापुरात हमखास होणार, म्हणून ते नावानिशी सांगतो. पहिला मोह फौंड्रीच्या टाकाऊ वाळूचा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या परिसरात ती ढिगांनी मिळते, जवळपास फुकट मिळते, आणि दिसायला वाळूच असते. पण साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड मिसळलेली असते, काही प्रकारांत रेझिनचे अवशेषही असतात. बेंटोनाइट फुगून वाफा चोंदवतो आणि उरलेले पाण्यात उतरते. घाण गाळण्यासाठी बांधलेल्या वाफ्यातूनच घाण बाहेर पडू लागते. दुसरा मोह साखर कारखान्याच्या प्रेसमडचा, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाचा. उसाला प्रेसमड उत्तम, कारण त्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असते, आणि नेमके तेच इथे नको आहे. स्फुरदावर पोसणारे शेवाळ रंकाळ्याचे पाणी कसे हिरवे करते ते शहराने पाहिले आहे. शेणखताचेही तेच. कंपोस्ट घमेल्याने मोजून टाकायचे ते याच कारणाने, झाडे जोमदार दिसावीत म्हणून दुप्पट टाकले की पहिली दोन वर्षे वाफा स्फुरद अडवण्याऐवजी सोडत बसतो. तिसरा मोह वरच्या आच्छादनासाठी बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा. तो हलका असतो, पाणी साचले की तरंगतो आणि सगळा एकदम निकासाच्या जाळीवर जाऊन बसतो. भुईमुगाच्या टरफलांचेही असेच होते. बारीक खडीचे आच्छादन जागचे हलत नाही.

मिश्रण खड्ड्यात भरताना 25-30 सेंटिमीटरचे थर द्यावेत आणि प्रत्येक थर फक्त पाणी मारून बसवावा. त्यावर रोलर फिरवू नये, जेसीबीही आत उतरवू नये. जेसीबी कडेला उभा करूनच बकेटने भरावे. एकदा दाबली गेलेली वाळू पुन्हा मोकळी होत नाही.

झाडांची निवड करताना आपला हवामानाचा पेच लक्षात घ्यावा लागतो. चार महिने पाय पाण्यात आणि नंतर सहा-सात महिने कोरडे. दोन्ही सोसणारे पहिले नाव वाळ्याचे. त्याची मुळे खोल जातात, वाळूतल्या वाटा मोकळ्या ठेवतात आणि उन्हाळ्यात वर सुकला तरी जूनमध्ये पुन्हा फुटतो. चौरस मीटरला सहा ते आठ रोपे पुरतात. मध्ये लव्हाळ्याचे प्रकार, कडेच्या कोरड्या भागात निर्गुडी. पाणी सर्वांत आधी पोचते त्या भागात कर्दळ चांगली येते, पण तिला उन्हाळ्यात थोडे पाणी लागते. मोठे झाड हवेच असेल तर वाफ्याच्या बाहेरच्या अंगाला करंज लावावा, पाइपवर नको. पाणकणीस आपोआप उगवले तर समजावे की वाफ्यात पाणी तुंबते आहे. त्याला कायम दलदल लागते.

खाण्याचे काहीही लावू नये. अळू अशा जागी झकास येईल, आणि म्हणूनच त्याची भीती आहे. हिरवीगार पाने दिसली की कुणीतरी वड्यांसाठी खुडून नेणारच. या वाफ्याच्या वरच्या थरात जस्त, तांबे, शिसे साठत जाते, तेच तर त्याचे काम आहे. गवती चहाही याच कारणाने नको. वाळ्याची मुळे कुणी माठात टाकण्यासाठी उपटू नयेत म्हणून तिथे ठळक फलक लावावा.

पाणी आत येण्याची जागा हा दुसरा नाजूक भाग. रस्त्याच्या कडेच्या दगडात 45 ते 60 सेंटिमीटर रुंद खाच ठेवावी आणि खाचेच्या आतल्या बाजूची पातळी रस्त्यापेक्षा किमान पाच सेंटिमीटर खाली असावी. ही पाच सेंटिमीटरची पायरी विसरली तर तोंडाशी गाळ साचतो, त्यात गवत उगवते, बांध तयार होतो आणि पाणी वाफ्यासमोरून निमूटपणे निघून जाते. वाफा कोरडा, झाडे मेलेली, आणि लोक म्हणतात योजना फसली. खाचेच्या आत लगेच काँक्रीट तळाची छोटी गाळकुंडी बांधावी, म्हणजे खरखरीत वाळू, पाला, गुटख्याच्या पुड्या तिथेच अडतात आणि फावड्याने काढता येतात. जास्तीच्या पाण्यासाठी उभ्या चेंबरवर घुमटाच्या आकाराची जाळी बसवावी. सपाट जाळीवर प्लास्टिकची एक पिशवी बसली तरी निकास बंद होतो. रस्त्यावर नव्याने डांबराचा थर देताना या खाचा बुजवल्या जाण्याची शक्यता फार मोठी आहे, म्हणून डांबरीकरणाच्या करारातच त्यांचा उल्लेख हवा.

जागा निवडताना रस्त्याचा उतार पाहावा. आपले बहुतेक रस्ते मधून उंच असतात, पाणी कडेला जाते. तेव्हा दुभाजकातला वाफा खोल करून उपयोग नाही, वाफा कडेलाच हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाफ्यात गटाराचे पाणी आणू नये. जुन्या पेठांत घरांचे न्हाणीचे, भांडी धुण्याचे पाणी बारमाही गटारांतून वाहते. ते रोज वाळूवर आले की साबण, चरबी आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर काही आठवड्यांत वाळू बंद करतो, वास सुटतो, डास होतात. वाफ्यात यायला हवे ते फक्त रस्त्यावर किंवा छपरावर पडलेले पावसाचे पाणी, गटारात पडण्याच्या आधीचे. ज्या गल्लीत हे वेगळे करता येत नाही तिथे वाफ्याचा विचार करू नये, आधी सांडपाण्याची वाहिनी पूर्ण करावी. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या पायापासून तीन मीटर अंतर ठेवावे. तेवढी जागा नसेल तर खड्ड्याला शेततळ्यासाठी वापरतात तो 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि सगळे पाणी पाइपानेच बाहेर काढावे. निळ्या पूररेषेच्या आत वाफे बांधू नयेत, एका पुरात त्यावर गाळाचा थर बसतो. उघड्या मातीच्या मैदानाचे पाणीही थेट घेऊ नये, आधी कडेने हरळीचा रुंद पट्टा हवा. उद्यमनगरात गॅरेज आणि लेथच्या कारखान्यांसमोर तेलाचा सापळा बसवल्याशिवाय वाफा नको, आणि पेट्रोल पंपाच्या आवारात तर मुळीच नको.

कामाचे वेळापत्रक पावसाच्या उलट मोजावे. खोदाई फेब्रुवारीत, भराई एप्रिलअखेर, लावणी मेच्या मध्यात टँकरचे पाणी देऊन, म्हणजे जूनपर्यंत मुळे धरतात. पाणी येण्याची खाच मात्र वाळूच्या पोत्यांनी बंदच ठेवावी. वरच्या रस्त्यावर पाइपलाइनची किंवा केबलची खोदाई चालू असेल तर ती संपून रस्ता पूर्ववत होईपर्यंत पोती काढू नयेत. खोदलेल्या रस्त्याचे तांबडे पाणी एका सरीत नवा वाफा कायमचा चोंदवू शकते. असे वाफे बंद पडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

वाफा चालतो की नाही हे घड्याळ लावून कळते. सहा इंची पाइपचा तुकडा पाच सेंटिमीटर आत ठोकावा, एकदा पाणी भरून जिरू द्यावे, पुन्हा भरून 10 सेंटिमीटर पाणी उतरायला किती वेळ लागतो ते पाहावे. चाळीस मिनिटे लागली तर ताशी 150 मिलिमीटरचा वेग आहे, उत्तम. दोन तासांपेक्षा जास्त लागले तर वरचे दोन ते पाच सेंटिमीटर खरवडून नवी वाळू भरण्याची वेळ झाली. डेंग्यूच्या काळजीपोटी लोक विरोध करतील आणि ती काळजी रास्त आहे. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी साचलेले पाणी लागते. धडधाकट वाफ्यात 20 सेंटिमीटर पाणी दीड तासात उतरते. पाऊस थांबल्यावर चोवीस तासांनीही पाणी दिसले तर तक्रार नोंदवावी, असे फलकावरच लिहावे.

देखभाल थोडी आहे, पण ती चुकवता येत नाही. मेअखेर पाला काढणे, पहिल्या दोन-तीन पावसांनंतर गाळकुंडी उपसणे, गणपतीच्या दिवसांत वाफ्यात निर्माल्य पडणार नाही हे पाहणे, दिवाळीनंतर वाळा कापून तो उचलून नेणे. कापून तिथेच टाकला तर झाडाने शोषलेले सगळे परत वाळूत जाते. गाळकुंडीतला गाळ आणि खरवडलेली वाळू शेतात किंवा बागेत टाकू नये, धातू त्यातच असतात. ती तपासून कचरा प्रकल्पावरील बंदिस्त जागेत न्यावी. एवढे केले तर गाळाचा 80 ते 90 टक्के भाग आणि त्याला चिकटलेले बहुतेक धातू वाफ्यातच राहतात. जिवाणू कमी होतात, पण बाहेर येणारे पाणी पिण्याजोगे होत नाही.

महापालिकेच्या पुढच्या रस्ते आणि पार्किंगच्या निविदांमध्ये तीन कलमे घालावीत, ही आमची मागणी आहे. कडेचे सर्व नवे वाफे रस्त्याच्या पातळीखाली असावेत. गाळणीच्या मिश्रणाची बरणी आणि चाळणी चाचणी माल उतरवण्याआधी नागरिकांसमोर व्हावी. आणि ठेकेदाराचे अंतिम देयक काम संपल्यावर नव्हे, तर दोन पावसाळ्यांनंतर, पाइप ठोकून घेतलेल्या मोजणीत ताशी 100 मिलिमीटरचा वेग मिळाला तरच दिले जावे.

आपले,
स्थापत्य, मृदाशास्त्र आणि उद्यानविद्या या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर